गिरणीच्या भिंतीवरचा पत्ता

फोन तळहातावर आडवा ठेवायचा, पूजेचं तबक न्यावं तसा दोन्ही हातांनी पुढे आणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांखाली धरून विचारायचं, "उघडता मा?"

आमची ओळख झाल्यापासून काकांनी मला हा 'उघडतंय ना'चा प्रश्न किती वेळा विचारला असेल ते सांगता येणार नाही. मालवणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं वेबसाइट करून देण्याचं छोटं दुकान आहे. तारकर्ली, देवबागकडचे खोल्या भाड्याने देणारे, आंबेवाले, काजूवाले असे सगळे माझ्याकडे येतात. त्यांना साइट दिसायला सुंदर हवी असते. या माणसाला मात्र ती सुंदर नको होती. ती उघडायला हवी होती, आणि उघडेल की नाही या काळजीत ते जेवायचे, झोपायचे आणि माझ्या दुकानाची पायरी चढायचे.

सरकारी रुग्णालयात औषधं देण्याच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर बागायत बघायची सोडून त्यांनी एक पान चालवायला घेतलं होतं. साप चावलेल्या माणसाला द्यायचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात आहे आणि कुठे संपलंय, एवढंच त्या पानावर असायचं. रोज सकाळी ते एकेका आरोग्य केंद्राला फोन लावायचे. घरात आणि माझ्याशी मालवणी बोलणारा हा माणूस त्या फोनवर एकदम पुस्तकातलं मराठी बोलायचा. "नमस्कार. आपल्याकडे आज कुप्या शिल्लक आहेत काय?" तिकडून उत्तर आलं की फोन ठेवायचे, घसा खाकरायचे आणि परत मालवणीत यायचे.

हे कशासाठी, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. नोकरीत असताना कणकवलीकडच्या एका शेतकऱ्याला घोणस चावली. त्याच्या घरच्यांनी त्याला ज्या दवाखान्यात नेलं तिथे इंजेक्शन नव्हतं. तिथून दुसरीकडे नेलं, तिथेही नव्हतं. काकांच्या कपाटात ते होतं, पण काकांकडे तो आलाच नाही. "माझ्या कपाटात होता गो," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पानाचा पत्ता त्यांनी गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेतला होता. एसटीचे थांबे, सोसायटीची गोदामं, भाताच्या गिरण्या, जिथे शेतकरी थांबतो तिथे निळ्या रंगात मोठी अक्षरं. अडचण अशी झाली, की पहिला पत्ता फार लांब होता. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना तो टाइप करणं जमेना. म्हणून आम्ही एक छोटा, सोपा पत्ता घेतला आणि तोच मुख्य ठरवला. मग भिंतींचं काय करायचं? सगळ्या परत रंगवणं शक्य नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, की भिंती राहू देत तशाच. साइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरवर नियमांची एक फाइल असते. तिच्यात लिहून ठेवायचं, की अमुक जुन्या नावाने कोणी आला तर त्याला थेट या नव्या नावाकडे पाठव. येणाऱ्याला कळतही नाही. त्याने जुना पत्ता टाकला तरी समोर नवं पान उघडतं.

त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून ते सगळं बघितलं. पाठवण्याचे दोन प्रकार असतात, तात्पुरतं आणि कायमचं, आणि आपण कायमचं लिहूया, असं मी म्हणाले. ते लगेच सावध झाले.

"कायमचो म्हणजे? मी मेल्यावर पण?"

"होय काका. तुम्ही मेल्यावर पण."

"मगे लिही," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी घोटाळा झालाच. पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू लावायचे की नाही, यावरून सर्व्हरची एक सेटिंग आणि आमचा नियम एकमेकांशी भांडत होते. नियम येणाऱ्याला डब्ल्यूवाल्या पत्त्याकडे पाठवायचा, सेटिंग त्याला बिनडब्ल्यूच्या पत्त्याकडे परत ढकलायची. बिचारा ब्राउझर थोडा वेळ हेलपाटे घालून थांबला आणि मला हे जमत नाही म्हणाला. मी कारण सांगितलं तेव्हा काका जरा हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं.

"ह्यो म्हणता थंय जा, तो म्हणता हंय जा. मधल्यामधी पेशंट मेलो. माका ठाऊक आसा ह्या."

सेटिंग बंद केली आणि सगळे पत्ते एकाच ठिकाणी यायला लागले. एक पत्ता मात्र निराळा होता. आरोंद्याला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक भाताची गिरण आहे. तिच्या भिंतीवर रंगाऱ्याने पत्त्यातलं एक अक्षर गाळलं होतं. काकांनी त्याला दाखवलं, तर तो म्हणाला, आम्ही असंच बोलतो. मला वाटलं, ही एक भिंत तरी परत रंगवावी. पण रंगाऱ्याचे हात आता कापायला लागले होते आणि काकांना त्याला दुखवायचं नव्हतं. त्यांनी ते चुकीचं नावही विकत घेतलं आणि मला त्याचाही नियम लिहायला लावला.

"भित चुकली तर चुकली," ते म्हणाले. "माणूस चुकूक नये."

तेव्हापासून त्यांना नवा छंद लागला. कुठे लग्नाला, कुठे देवळात गेले की वाटेतल्या भिंतीसमोर स्कूटर उभी करायचे, छत्री मानेत धरायचे आणि भिंतीवर जसं लिहिलंय तसं अक्षर अक्षर टाइप करून पाहायचे. तुमच्यापैकी कुणी तळेऱ्याच्या फाट्यावर एका म्हाताऱ्याला भिंतीशी असं बोलताना पाहिलं असेल, तर ते हेच. लोकांना ते विचित्र वाटायचे. खरं सांगायचं तर मलाही वाटायचे.

लावणीचे दिवस होते. कोकणात साप चावण्याचे हेच दिवस. दुपारी त्यांचा फोन आला.

"उघडता मा?"

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. पान उघडत होतं, सकाळी त्यांनीच भरलेली माहिती दिसत होती. मी तसं सांगितलं.

"खंयच्या पत्त्यान उघडलंस?"

मी नव्या पत्त्याने उघडलं होतं. ते तळेऱ्याला भिंतीसमोर उभे होते. भिंतीवरच्या पत्त्याने पान उघडत नव्हतं. मी जुना पत्ता टाकला. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली, की येथे काहीही नाही. तोच तीन डब्ल्यू लावून टाकला. येथे काहीही नाही. मग आरोंद्याचा तो चुकीचा पत्ता. येथे काहीही नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट होती, त्यांनी त्या आठवड्यात सगळ्या साइट नव्या, वेगवान सर्व्हरवर हलवल्या होत्या. तुम्हाला काही करावं लागणार नाही, असा निरोपही त्यांनी धाडला होता. नवा सर्व्हर वेगळ्या जातीचा होता. तो आमची नियमांची फाइल वाचतच नव्हता. फाइल जागच्या जागी होती, तिच्यातलं अक्षरही बदललं नव्हतं, पण तिच्याकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं. ज्यांना नवा पत्ता ठाऊक होता त्यांना काहीच फरक पडला नाही. जे भिंत वाचून येत होते ते सगळे दारावरूनच परत जात होते.

काका तळेऱ्याहून थेट माझ्याकडे आले. तोवर मी नव्या सर्व्हरला कळेल अशा भाषेत नियम लिहायला घेतले होते. रेनकोट न काढताच ते खुर्चीत बसले. नियम कधी होतील हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, की या दिवसांत कोण कोण येऊन परत गेलं ते समजेल का.

सर्व्हरवर येण्याजाण्याची नोंद असते. मी ती उघडली. माणसाचं नाव त्यात नसतं, फक्त वेळ, ज्या जोडणीवरून तो आला तिचा आकडा आणि त्याने मागितलेला पत्ता. बरेचसे असेच, एकदा येऊन गेलेले. पण आदल्या दिवशी सकाळी एकाच फोनवरून एकच पत्ता पुन्हा पुन्हा मागितला होता. थोडं थांबून परत. मग आणखी एकदा. मग पुढे काही नाही.

तो पत्ता आरोंद्याच्या गिरणीचा होता. गाळलेल्या अक्षराचा. दुसऱ्या कुठल्याच भिंतीवर तो नाही.

पडद्यावरून बोट फिरवत काका ते वाचत राहिले. सहज कुतूहल म्हणून कोणी एवढ्या वेळा प्रयत्न करत नाही, हे आम्हा दोघांनाही समजलं होतं. त्यांनी फोन काढला आणि त्या भागातल्या आरोग्य केंद्राला लावला. या वेळी त्यांच्या पुस्तकी मराठीतला एक शब्द अडकला, त्यांना परत सुरुवात करावी लागली. तिकडच्या सिस्टरने सांगितलं, की होय, काल सकाळी एका बाईला घेऊन आले होते, तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना पायाला साप चावला होता. आमच्याकडचं इंजेक्शन संपलं होतं. पुढे न्यायला सांगितलं, आम्ही गाडी बोलावत होतो, पण ते थांबले नाहीत. कुठे नेलं ते माहीत नाही.

काकांनी फोन मांडीवर ठेवला.

"पानार होता मा? थंय संपली म्हणान?"

होतं. काल सकाळीच त्यांनी ते भरलं होतं. त्या केंद्रात नाही, मोठ्या रुग्णालयात आहे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी हो म्हणाले. त्यांनी मोठ्या रुग्णालयाला फोन केला. तिथे अशी कोणी बाई आलीच नव्हती.

एवढा वेळ मी त्यांची काळजी म्हणजे त्यांचा स्वभाव असं समजत होते. आता ती मलाही लागली. केंद्रातून निघालेली बाई रुग्णालयात पोचली नाही, तर मग गेली कुठे? मी नियम पुरे केले, एकेक पत्ता उघडून पाहिला, सगळे उघडायला लागले. काकांनी मान हलवली, पण त्यांना त्यात काही गोडी नव्हती.

"तो कोण, ता माका कळाक व्हया," ते म्हणाले. "मी जातंय."

स्कूटरवरून त्या पावसात त्यांना एवढ्या लांब पाठवणं शक्य नव्हतं. मी दुकान बंद केलं आणि माझी गाडी काढली. सगळ्या वाटेत ते दाराच्या वरची मूठ धरून बसले होते. सावंतवाडीच्या पुढे एकदाच म्हणाले, की बाईला पोरं असतील.

गिरणीवाल्याला सगळं ठाऊक होतं. त्याने खाडीच्या कडेचं घर दाखवलं. माणसं होडीवरची, थोडी शेतीही करणारी. पुढच्या पडवीत एक तरुण जाळं मांडीवर घेऊन बसला होता. तो त्या बाईचा दीर. काकांनी पायरीवर उभं राहूनच विचारलं, की त्या कशा आहेत.

त्याने आधी विचारलं, की तुम्ही कोण. काकांनी सांगितलं, की भिंतीवरचा पत्ता माझा.

त्याने जाळं बाजूला ठेवलं. मग सावकाश, आवाज न चढवता, त्याने काय घडलं ते सांगितलं. वहिनीला चावल्याबरोबर तो तिला घेऊन रस्त्यावर आला होता. शेजाऱ्याची रिक्षा येईपर्यंत गिरणीसमोर उभा राहून तो पत्ता टाकत होता. काकांनी एकदा गावच्या शाळेत येऊन मुलांना सांगितलं होतं, की आधी हे बघा आणि मगच निघा, ते त्याच्याही कानावर आलं होतं. पान उघडलं नाही. रिक्षा आली, जवळ म्हणून केंद्रात गेले. तिथे इंजेक्शन नाही म्हटल्यावर कोणावर विश्वास ठेवावा ते कळेना, म्हणून पूल ओलांडून गोव्यात नेलं. तोवर तिची जीभ जड झाली होती, पापण्या मिटायला लागल्या होत्या. रात्रभर यंत्रावर श्वास चालवला. आज दुपारी भावाचा फोन आला होता, की तिने डोळे उघडले आणि धाकट्याचं नाव घेतलं.

काका पायरीवर बसले. त्यांचे ओठ हलत होते, पण काय ते मला ऐकू आलं नाही.

दिराने त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर तो म्हणाला, "उघडूचा नाय तर भितीर लिवलात कित्याक?"

मी पुढे झाले. सर्व्हर हलवला, काही करावं लागणार नाही असं कंपनीने कळवलं होतं, फाइल वाचली गेली नाही, असं काहीसं मी सांगायला लागले. काकांनी हात आडवा करून मला थांबवलं.

"चुकला," ते म्हणाले. "माझा चुकला."

दिराने खिशातून फोन काढला. कालचाच पत्ता त्यात अजून होता. त्याने त्याच्यावर बोट टेकवलं. पान उघडलं. त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आता उघडता," तो म्हणाला, आणि फोन परत खिशात ठेवला.

येताना गाडीत काका रडले. बाई वाचली म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, ते मी विचारलं नाही. दोन्ही असावं.

ती बाई पुढे घरी आली. पायाची जखम भरायला फार दिवस लागले आणि त्या पावलात थोडी ओढ राहिली. काका तिला बघायला जायचे, बरोबर घरची केळी न्यायचे. दीर सुरुवातीला बाहेरच बसायचा, मग चहा सांगायला लागला. त्यांच्यात फार बोलणं होत असेल असं मला वाटत नाही.

त्या पावसानंतर काकांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे प्रत्येक भिंतीवर पत्त्याखाली स्वतःचा मोबाइल नंबर रंगवून घेतला. मी नको म्हणाले होते, कारण दिवसरात्र फोन येतील. आले. साप पकडायला या म्हणून आले, खोली रिकामी आहे का म्हणून आले, एकाने विरार गाडीची वेळ विचारली. काका प्रत्येकाला शांतपणे उत्तर द्यायचे, गाडीची वेळसुद्धा. काकी सांगायच्या, की जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं आणि उजव्या बाजूला फोन. आणि मधूनमधून खरा फोन यायचा. त्या वेळी ते उठून उभे राहायचे, आधी माणसाला हलवू नका, चालवू नका म्हणून सांगायचे, मग कुठे न्यायचं ते, आणि तो माणूस पोचेपर्यंत खाली बसायचे नाहीत.

दुसरं म्हणजे त्यांनी माझा पिच्छा पुरवला. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळे पत्ते सतत उघडून पाहायचा आणि एकही अडला तर आम्हा दोघांना निरोप पाठवायचा. मला वाटलं, आता तरी त्यांना झोप लागेल. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि तुझो प्रोग्राम बंद पडलो, तर ता माका कोण सांगतलो?"

ते पूर्वीसारखेच भिंतींसमोर उभे राहत राहिले.

गेल्या थंडीत, काजू मोहरला होता तेव्हा, ते गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढलं होतं, तिथेच छातीत कळ आली. घरच्यांनी लगेच हलवलं, पण वाटेतच संपलं. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि आत त्यांचा फोन वाजत होता. कोणीतरी तो उचलला, चुकीचा होता.

कार्य झाल्यावर काकी माझ्या दुकानात आल्या. पायरी चढायला त्यांना त्रास झाला. पदराखालून त्यांनी तो फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो वाजता," त्या म्हणाल्या, "आणि माका काय सांगूचा ता कळणा नाय."

मी तो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या केंद्राला फोन लावला. तिकडे औषधं देणारा एक तरुण आहे. नंबर बघून तो लगेच म्हणाला, "बोला काका, आज आहेत." मी सांगितलं, की काका नाहीत. तो म्हणाला, की इतके दिवस फोन आला नाही म्हणून शंका आली होती, पण विचारायचं धाडस झालं नाही. मी उद्यापासून याच वेळेला फोन करेन, असं मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही दुकान बघता. उद्यापासून आम्हीच करू. तुम्ही फक्त उचला."

बाकीच्यांना त्यानेच सांगितलं असावं. तेव्हापासून सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच फोन यायला लागतात. कोणी दोन शब्दांत सांगतं, कोणी माझी चौकशीही करतं. मी ऐकते, पानावर भरते आणि मग माझ्या कामाला लागते. आज सगळ्यांचे येऊन गेले, फक्त घाटाच्या पायथ्याच्या केंद्राचा अजून आलेला नाही. रेंज नसेल. सिस्टर रजेवर असेल. दोनदा लावून पाहिला, लागत नाही. चहा समोर गार झाला आहे आणि मी अजून बंद शटरच्या आत उभी आहे.